सोनबाच्या डाव्या हाताची जागा

१

मला दमा आहे हे देहूरोडच्या डेपोत सगळ्यांना माहीत होतं, आणि मी क्लॅरनेट वाजवतो हेही माहीत होतं. या दोन गोष्टी देवाने एकाच माणसाला का द्याव्यात यावर आमच्या स्टोअरमध्ये चहाच्या सुट्टीत बरीच चर्चा होई. मला त्याचं वाईट वाटत नसे. थट्टा करतात म्हणजे आपला समजतात, असं माझं सरळ गणित होतं. एकंदरीत मी सुखी माणूस होतो. चिंचवडला दोन खोल्या, कारकुनाची सरकारी नोकरी, एक बऱ्यापैकी सायकल आणि कुसुम.

क्लॅरनेट तसं आधीपासून होतं, पण त्याचं वेड मला लढाईने लावलं. तेव्हा डेपोत गोऱ्या सोल्जरांचा एक बँड होता. शनिवारी इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये ते नाचासाठी जाझ वाजवत. त्यांचा दुसरा क्लॅरनेटवाला मलेरियाने पडला, आणि लग्नाच्या बँडात सिनेमाची चार गाणी फुंकणाऱ्या मला बदली म्हणून तिथे बसवलं. उड्या मारायच्या गाण्यांचं मला फारसं काही वाटलं नाही. पण शेवटी शेवटी ते एक संथ गाणं धरत. त्याला ते बॅलड म्हणत. जोडपी जवळजवळ जागच्या जागी उभी राहत, आणि क्लॅरनेट असं बोलायचं की कुणीतरी उशीवर डोकं टेकून मनातलं सांगतंय असं वाटावं. साहेब गेले, नाच गेला, मागे हॉलची लाकडी जमीन राहिली आणि माझ्या डोक्यात ते बॅलड राहिलं.

गोष्ट आहे ती पंचावन्न सालच्या हिवाळ्यातली. पिंपरीला औषधाचा कारखाना नुकता सुरू झाला होता आणि आमच्या आळीतली निम्मी माणसं तिकडे नोकरीच्या खटपटीत होती. मी खटपटीत होतो ती श्वासाच्या. थंडी कडक होती आणि दम्याने डोकं वर काढलं होतं. एका सकाळी मी साधी एक ओळ वाजवून खिडकीचे गज धरून उभा होतो. कुसुम पायपेटीवर बसली होती. ही पायपेटी ती पुण्याच्या माहेराहून घेऊन आली होती आणि मी वाजवायला लागलो की साथीला बसायची.

"अहो, आता पुरे करा," ती म्हणाली. "तुमच्या छातीत मांजराची पिल्लं ओरडतात आणि मी इथे स्वर धरून बसते. मला भीती वाटते."

मी श्वास जागेवर येऊ दिला आणि म्हणालो, "असं करू. डेपोच्या वार्षिक कार्यक्रमात मी स्वतः बांधलेलं एक बॅलड वाजवतो. लोकांसमोर. मध्येच दम तुटला तर क्लॅरनेट पेटीत आणि पेटी माळ्यावर. कायमची."

"आणि नाही तुटला तर?"

"तर तू मला पुन्हा कधी पुरे म्हणायचं नाहीस."

तिने हात पुढे केला. मी टाळी दिली. मनातून मात्र क्लॅरनेटवाचून मी राहू शकेन असं मला खरंच वाटत नव्हतं.

२

बॅलडचं नाव मी 'सावकाश' ठेवलं. कुसुम मला दिवसातून दहादा सावकाश म्हणायची, तेवढ्यासाठी. चाल साधी होती. एक मुखडा, तोच पुन्हा, मग मधलं वळण, मग पुन्हा मुखडा. पण ओळी लांब होत्या. बॅलडला लांबच ओळी लागतात, आणि माझा श्वास अर्ध्या ओळीला संपायचा. मी श्वास घ्यायला थांबलो की गाण्याला भोक पडायचं.

म्हणून मी विचार केला की आपल्या खाली असं एखादं वाद्य हवं जे कधी थांबतच नाही. पायपेटी होती, पण कुसुमचे दोन्ही हात मी श्वासाला थांबलो की ती भोकं भरण्यात गुंतलेले असत. मग एकदा रहाटणीच्या देवळावरून जाताना मला आठवलं. सनईची जोडी असते तिच्यात एकजण गत, म्हणजे मुख्य चाल, वाजवतो आणि दुसरा नुसता एकच स्वर धरून बसतो. त्याने गाल फुगवून हवा साठवायची, ती सोडता सोडता नाकाने नवी ओढायची. त्यामुळे त्याचा सूर तुटतच नाही. क्लॅरनेटमध्ये हे चालत नाही. गाल फुगवले की गोरा बँडमास्तर माझ्या गालावर पेन्सिल मारायचा.

रहाटणीचा सोनबा असा नुसता सूर धरणारा होता. पन्नाशीचा, बुटका, कमी बोलणारा. बरेच महिने त्याने सनई हातात धरली नव्हती असं लोक म्हणाले. मी विचारल्यावर तो पायाकडे बघत म्हणाला, "येतो की. घरात बसून जीव आंबलाय." त्याची सनई नेमकी काळी पाचला लागली. माझं क्लॅरनेट त्या पट्टीत लोण्यासारखं चालतं. मला हा शकुनच वाटला.

बाकीची जमवाजमव मजेची झाली. ठेका धरायला कुरुळीचा भैरू गोंधळी संबळ घेऊन आला. मी त्याच्या काठ्यांना फडकं गुंडाळायला लावलं, कारण बॅलडला ढोल बडवून चालत नाही.

"संबळाला मफलर?" भैरू म्हणाला. "देवीला सर्दी झाली म्हनावं का?"

खर्जाला युफोनियम होतं. गोरे मागे टाकून गेलेलं ते मोठं पितळी भोंग्याचं वाद्य. ते वाजवायला पलटणीच्या बँडातून पेन्शनीत निघालेले मारुतराव होते. त्यांनी माझी चाल एकदा नीट ऐकली आणि विचारलं, "मास्तर, नक्की सांगा. हे वरातीचं आहे की मयताचं?"

"घरी बसून ऐकायचं आहे," मी म्हणालो.

"मग हॉल कशाला घेतलात?"

३

तालीम रविवारी दुपारी इन्स्टिट्यूटमध्ये. उंच खिडक्यांतून ऊन लाकडी जमिनीवर यायचं आणि कुणी पाय हलवला तरी फळी कुरकुरायची. आम्ही मधोमध गोलाकार बसायचो. कुसुमची पायपेटी डेपोच्या गाडीतून आधीच तिथे नेऊन ठेवली होती. सोनबा खुर्चीवर बसला नाही. त्याने आपली घोंगडी अंथरली, दोन माणसं बसतील एवढी ऐसपैस, आणि तिच्या उजव्या अर्ध्यावर मांडी घातली. डावा अर्धा रिकामा राहिला. तंबाखूच्या पिशवीला एवढी जागा कशाला, असं माझ्या मनात येऊन गेलं.

पहिल्या तालमीत मी मारुतरावांच्या शेजारी बसलो आणि फसलो. युफोनियमच्या गुरगुरीत मला सोनबाचा सूर ऐकूच येईना. ओळ तीनदा तुटली. कुसुमने पेटीवरून माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

पुढच्या रविवारी मी माझी खुर्ची उचलली आणि सरळ सोनबाच्या डाव्या हाताला, घोंगडीच्या मोकळ्या भागावर ठेवली.

"मास्तर," सोनबा म्हणाला, "ती दादाची जागा हाय."

दादा म्हणजे याचा थोरला भाऊ, जोडीतला गत वाजवणारा, एवढं मला कळलं. उशीर करून येणारी मंडळी काय आपल्याकडे कमी असतात? कुणी जागा धरून ठेवली असली की आपण सगळेच जे म्हणतो तेच मी म्हणालो.

"बसतो हो. दादा आला की उठतो."

भैरू संबळाच्या दोऱ्या ओढत होता, तो थांबला. सोनबाने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने सनई कपाळाला लावली आणि हळूच म्हणाला, "बरं."

त्या दिवशी पहिल्यांदा मला सूर नीट ऐकू आला. कानातून नाही, खुर्चीच्या पायांतून, घोंगडीतून, जमिनीतून वर आल्यासारखा. मी मुखडा धरला आणि तो संपेपर्यंत मला आजूबाजूचं भान नव्हतं. इतकं सुखाचं मी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं.

४

त्यानंतरच्या तालमीला 'सावकाश' शेवटपर्यंत गेलं. मी शेवटचा स्वर सोडला. कुसुमने पेटी मिटली, भैरूने काठ्या मांडीवर ठेवल्या, मारुतरावांनी ओठ पुसले. सोनबाचा सूर चालूच होता. त्याचे डोळे मिटलेले होते आणि मान किंचित माझ्या बाजूला कललेली होती, जोडीदाराकडे कान असतो तशी. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. बऱ्याच वेळाने त्याने सनई खाली घेतली.

"काय सोनबा, समाधी लागली का?" मारुतरावांनी विचारलं.

"न्हाई. वाजत व्हतं की अजून."

"कोण वाजवत होतं? मास्तर केव्हाच थांबले."

"मास्तर थांबले," सोनबा म्हणाला. "व्हय."

मी याचा विचार केला नाही. मला स्वतःच्या वाजवण्याचं इतकं कौतुक वाटत होतं की दुसऱ्या कशाला डोक्यात जागा नव्हती. परतीच्या वाटेवर कुसुम सायकलच्या कॅरियरवर होती. निगडीच्या अलीकडे आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही मधल्या वळणावर श्वास घेतला नाहीत."

"घेतला असेल गं."

"नाही घेतलात. तिथे मी पेटी भरून काढते ना? मी भरली, आणि तुम्ही थांबलाच नाहीत. माझे स्वर तुमच्या अंगावर आले."

"म्हणजे दम वाढला माझा! अगं, आनंदाची बातमी आहे ही."

"हो," ती म्हणाली. "पण मी शेवटपर्यंत बघत होते. तुम्ही कुठेच घेतला नाहीत."

मी खो खो हसलो आणि हसता हसता खोकलो. सायकल थांबवून, कडेला उभं राहून खोकलो. छातीत मांजराची पिल्लं जागी झाली होती. तेव्हा मला खरं म्हणजे बरंच वाटलं. दमा जागेवर होता, म्हणजे जग जागेवर होतं.

५

मी कारकून माणूस. मालाचा हिशेब लागला नाही तर जागेवर जाऊन बघायचं, ही आमची रीत. मी घरी बसून मुखडा वाजवून पाहिला. अर्ध्या ओळीत दम गेला. म्हटलं, घरात चुलीचा धूर असतो. पहाटे दार उघडं टाकून वाजवून पाहिला. तिथेच गेला. म्हटलं, पहाटेची थंडी. हॉलमध्ये दम टिकायला कुसुमचा ज्येष्ठमधाचा काढा होता, खुर्चीत ताठ बसण्याची सवय होती, हॉलमधली कोरडी हवा होती. कारणांना तोटा नव्हता, आणि एकेक कारण मी स्वतःला नीट समजावून सांगितलं.

मग रविवारी डोळ्यांवर ऊन येतं असं सांगून मी खुर्ची कुसुमच्या शेजारी नेली. दुसऱ्या ओळीला दम तुटला आणि असा खोकला आला की भैरू पाणी आणायला धावला. पाणी प्यालो. खुर्ची परत घोंगडीवर ठेवली. वाजवलं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, वळण आलं. या वेळी मी स्वतःवर नजर ठेवून होतो. श्वास लांबला असं मी इतके दिवस म्हणत होतो, पण तो लांबला नव्हता. तो मला लागतच नव्हता. छाती हलत नव्हती. हवा येत होती आणि वाद्यात जात होती, आणि मी ती ओढत नव्हतो.

सोनबाचा सूर त्या दिवशी फारच लांबला. बाकीचे बाहेर चहाला गेले, तरी मी त्याच्या शेजारी बसून राहिलो. शेवटी त्याने सनई खाली ठेवली.

"सोनबा, तुमचे दादा कुठे असतात?"

"गेल्या माघात गेला. काळेवाडीला, लग्नात." तो सनईची पत्ती पुसत बोलत होता. "मांडवात बसलो व्हतो दोघं. गत अर्ध्यावर आली आन् दादाची मान खाली गेली. मला वाटलं, रंगात आलाय. मी आपला सूर धरून. सूर धरनाऱ्यानं आधी थांबायचं नसतंय मास्तर, गत संपल्याबिगर. लोकांनी येऊन माझ्या तोंडातनं सनई वढून काढली, तवा मला कळलं."

मी क्लॅरनेट मांडीवरून खाली ठेवलं.

"आमच्यात वर्षभर जोडीदाराची जागा मोकळी ठेवत्यात," तो म्हणाला. "मग गावची चार मानसं नारळ देऊन दुसरा बसवत्यात. तवर कुनी बसाय लागला तर त्याला उठवायचं असतंय."

"मग मला उठवलं का नाही?"

सोनबाचे डोळे भरून आले. "मला बरं वाटत व्हतं. तुमी थांबला तरी दादा वाजवतोय. आन् तो वाजवतोय तवर मी कसा थांबू?" त्याने नाक पुसलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "आन् तुमीच म्हनला व्हता मास्तर, दादा आला की उठतो. दादा आला. तुमी कुटं उठला?"

६

हे सगळं मी कुसुमला सांगितलं ते हसत हसत सांगितलं. गावाकडच्या लोकांच्या समजुती, असं म्हणालो. ती हसली नाही.

"त्या जागेवर बसू नका."

"आणि दम तुटला तर? ठरलंय ना आपलं?"

"मी माझी टाळी परत घेते," ती म्हणाली. "तुटू दे. लोक हसू देत. तुम्ही जन्मभर तुटका तुटका वाजवा, मी पेटीवर बसून भोकं भरत जाईन. पण तिथे बसू नका."

खरं सांगायचं तर तिने मला सगळंच देऊन टाकलं होतं. क्लॅरनेट आता माळ्यावर जाणार नव्हतं. मला त्या जागेची काही गरज उरली नव्हती. मी तिचा हात हातात घेतला आणि हो म्हणालो. पण तो घोंगडीतून वर येणारा सूर आणि ती न संपणारी ओळ माझ्या मनातून जाईना. एकदा तसं वाजवल्यावर तुटकं वाजवायचं म्हणजे पोटभर जेवणाऱ्याला पुन्हा उपास धरायला सांगण्यासारखं होतं.

कार्यक्रम दुपारी उशिरा होता. हॉल भरला होता. साहेब लोक पुढच्या खुर्च्यांवर, त्यांच्या मागे कामगार, बायका एका बाजूला. मारुतरावांनी युफोनियम घासून घासून असं लखलखीत केलं होतं की त्यात दिवे दिसत होते. सोनबाने स्टेजवर घोंगडी अंथरली आणि उजव्या अर्ध्यावर बसला. माझी खुर्ची कुसुमच्या शेजारी मांडलेली होती. कुसुमने स्वतः मांडली होती.

मी ती उचलली. तिच्याकडे न बघता सोनबाच्या डाव्या हाताला नेऊन ठेवली.

'सावकाश' सुरू झालं. मुखड्याच्या पहिल्या ओळीलाच हॉलमधली कुजबुज बंद पडली. भैरूच्या काठ्या मऊ पडत होत्या, युफोनियम खालून टेकू देत होतं, आणि सूर तर असा होता की त्यावर झोपावं. मला सुख होत होतं. हे मी लपवणार नाही. सगळं कळूनही मला फार सुख होत होतं. मुखडा पुन्हा झाला. मधल्या वळणावर कुसुमने पेटी भरली नाही. ती नुसती बघत बसली, आणि तिथे भोक पडलं नाही.

मारुतराव माझ्यासमोरच बसले होते. त्यांच्या भोंग्याच्या पितळेत आम्ही सगळे लहान आणि वाकडे दिसत होतो. सोनबा दिसत होता, त्याचे गाल फुगलेले. त्याच्या शेजारी खुर्चीत बसलेला माणूस दिसत होता. त्याचेही गाल फुगलेले होते. म्हटलं, पितळेचा फुगवटा आहे, त्यात कुणीही असाच दिसेल. पण भैरू तर तसा दिसत नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की मी त्या माणसाकडे टक लावून बघतोय, म्हणजे माझे डोळे उघडे आहेत. त्याचे मिटलेले होते.

वाजवता वाजवता मी जीभ दाताआडून बाजूला नेली आणि गालाच्या आत टेकवून पाहिली. गाल ताणून फुगलेला होता.

शेवटचा मुखडा आला आणि गेला. मी शेवटचा स्वर धरला आणि सोडला.

टाळ्यांनी हॉल दणाणला. साहेब उठून उभे राहिले. त्या गदारोळात सोनबाचा सूर ऐकू येत नव्हता, म्हणून मी वळून पाहिलं. त्याने सनई केव्हाच खाली ठेवली होती. तो माझ्याबरोबरच थांबला होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

"आज सूर आपसूक सुटला," तो म्हणाला. त्याने घोंगडीच्या मोकळ्या भागावर हात फिरवला, ती गार पडलीय का बघावं तसा. "गेला मास्तर. माझ्या शेजारी कुनी न्हाई आता."

तो रडत होता, आणि मला त्याच्यासाठी हायसं वाटलं. मला वाटलं, संपलं. गत पुरी झाली, दादा मार्गाला लागला, आणि मीही सुटलो.

७

बाहेर अजून थोडा उजेड होता. पायपेटी नेहमीसारखी हॉलमध्येच ठेवली, क्लॅरनेटची पेटी हँडलला अडकवली, कुसुमला कॅरियरवर बसवलं आणि आम्ही निघालो. साहेबांनी पुढच्या महिन्यात पुन्हा वाजवाल का, म्हणून विचारलं होतं. भैरूने सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली होती. थंडी होती, पण मला ती बोचत नव्हती.

कुसुम रागावलेली असेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नव्हती. तिने माझ्या कमरेभोवती हात टाकले.

"छान वाजवलंत," ती म्हणाली. "मला भीती वाटत होती, पण छान वाजवलंत."

"आता नाही बसणार तिथे. शपथ."

"राहू द्या शपथ. संपलं ना?"

"संपलं."

निगडीचा चढ लागला. तिथे मी नेहमी उतरून सायकल हाताने ढकलायचो. आज मी उतरलो नाही. पायडल मारत, मुखडा गुणगुणत, बायकोला घेऊन मी तो चढ चढत होतो, आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. कुसुमने माझ्या पाठीवर गाल टेकला. मग कान टेकला.

"मांजरं गेली," ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. "अगदी स्वच्छ आहे छाती. लहान मुलासारखी."

"मग?"

तिचा कान माझ्या पाठीला तसाच चिकटून होता.

"अहो, गुणगुणू नका जरा. श्वास रोखून धरा बघू."

मी गुणगुणायचं थांबवलं आणि श्वास रोखला. चाकांचा आवाज, साखळीचा आवाज, रस्त्याकडेच्या शेतात कुणाचीतरी बैलांना हाक.

"रोखा ना. आत चालूच आहे अजून."

मी मान हलवली. रोखलाय, असं सांगण्यासाठी तिच्या हातावर हात ठेवून थोपटलं. ओठ घट्ट मिटलेले होते आणि छाती मी आवळून धरली होती.

"रोखा म्हटलं ना हो," कुसुम म्हणाली. या वेळी अगदी हळू, माझ्या पाठीशी बोलल्यासारखी.

मग तिचा गाल माझ्या पाठीवरून उचलला गेला. हात सुटले. सायकल चालू असतानाच तिने खाली उडी घेतली, अडखळली, सावरली. मी ब्रेक लावला. ती रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि पदर तोंडावर धरून माझ्याकडे बघत राहिली. मी हाक मारली. तिने फक्त हाताने खूण केली, की तुम्ही चाला.

चिंचवडपर्यंत आम्ही तसेच गेलो. ती त्या कडेने, मी सायकल धरून या कडेने. ती पुनःपुन्हा थांबत होती, कारण तिला धाप लागली होती. मला काहीच होत नव्हतं.